पूर्ण वाक्यात सांग

डॉक्टर मुळगुंदांनी मला आधी कपाळाला आठ्या घालायला सांगितलं, मग डोळे घट्ट मिटायला, मग गाल फुगवायला, मग दात दाखवायला. शीळ मात्र त्यांनी सांगायच्या आतच मी घालून दाखवली.

"सवय दिसते," त्या म्हणाल्या.

"रोज सकाळी सात मुलांकडून हेच करून घेते," मी म्हटलं.

बार्शीच्या कर्णबधिर शाळेत मी तेव्हा सतरा वर्षं शिकवत होते. हातवाऱ्यांची भाषा आमच्याकडे त्या काळी चालत नसे. मुलानं बाईंच्या ओठांकडे बघायचं आणि बोलायचं, एवढाच आमचा धर्म. रोज एकेका मुलाला आरशासमोर शेजारी बसवून वाचापाठ घ्यायचा. मुलाचा एक हात स्वतःच्या गालावर आणि दुसरा बाईंच्या गालावर. 'भ' म्हणताना हवा कुठे भरते, 'म' म्हणताना आवाज कुठे घुमतो, हे ज्याला ऐकू येत नाही त्यानं बोटांनी समजून घ्यायचं. माझा डावा गाल ही जवळजवळ शाळेचीच मालमत्ता होती. खडूचे, शेंबडाचे, चिंचेचे किती हात त्यावरून फिरले त्याला गणती नाही.

डॉक्टरांची बोटं माझ्या कानाच्या पाळीखाली थांबली, पुढे सरकली, परत आली.

"चार तरी गाठी आहेत. हरभऱ्याएवढ्या," त्या शेजारी लिहून घेणाऱ्या मुलीला म्हणाल्या. मग मला विचारलं, "कधी लक्षात आल्या?"

"दिवाळीत. नणंद तेल लावत होती, तिच्या हाताला लागल्या."

"म्हणजे तीन आठवडे. त्याआधी?"

"त्याआधी काही नाही."

"तीन आठवड्यांत एवढं होत नाही बाई. दोनेक वर्षांचं काम आहे हे. कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

मी नाही म्हटलं. तो भाग पहिल्या ऑपरेशनपासून बधिर आहे, तिथे मी सहसा हात लावत नाही आणि लागला तरी चामड्यासारखं काहीतरी लागतं, हेही सांगितलं. ते सगळं खरंच होतं. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

पहिलं ऑपरेशन दहा वर्षांपूर्वी गावातच झालं होतं. कानापुढे लाळेची ग्रंथी असते, तिच्यात एक गाठ झाली होती, सुपारीएवढी. दुखत नव्हती. तपासणीत साधी निघाली, कॅन्सर नाही म्हणून घरी पेढे वाटले होते. डॉक्टर सातपुते आमच्या शाळेचे विश्वस्त, देवमाणूस. मी त्यांच्या मागेच लागले होते की काहीही करा, पण माझ्या ओठाला धक्का लागता कामा नये, माझी भाकरी त्याच्यावर आहे. त्यांनी तो शब्द पाळला. छोटीशी चीर दिली, नसेच्या वाटेला गेलेच नाहीत, आणि गाठ तेवढी सोलून बाहेर काढली. नंतर बशीत घालून मला दाखवली. काढताना जरा फुटली, पण आली सगळी, असं म्हणाले. मी त्यांच्या पाया पडले होते.

हे फुटल्याचं मी सांगितल्यावर डॉक्टर मुळगुंदांनी पुन्हा एकदा गालावर बोटं फिरवून पाहिली. सातपुत्यांबद्दल त्या वावगं काही बोलल्या नाहीत. त्या काळी बरेच जण तसंच करत, एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी समजावलं. ही गाठ साधी खरी, पण तिचं आवरण फार पातळ असतं. नुसती गाठ सोलून काढली की आवरण फाटतं, आतले कण बाजूला सांडतात आणि जिथे सांडतात तिथे रुजतात. वर्षानुवर्षं काही कळत नाही. मग एका गाठीच्या जागी चार-पाच येतात. आजूबाजूच्या ग्रंथीसकट काढायला हवी होती ती.

"आणि नस?" माझे यजमान दिगंबर यांनी विचारलं. ते इतका वेळ दाराशी टोपी हातात धरून उभे होते.

डॉक्टरांनी स्वतःचा पंजा माझ्या गालावर ठेवला. मनगट कानाशी आणि बोटं पुढे पसरलेली. चेहऱ्याची नस अशी येते, त्या म्हणाल्या. पहिलं बोट कपाळाकडे, दुसरं डोळ्याकडे, मग गाल, मग ओठ, मग हनुवटीखाली. त्यांचा पंजा माझ्या गालावर होता हे मला फक्त करंगळीकडून कळत होतं.

"गाठी या बोटांच्या मध्ये आहेत. नुसत्या टेकल्या असतील तर सोडवता येतील. पण एखाद्या बोटाला वेढून बसल्या असतील तर ते बोट कापावं लागेल. मला वाटतं, ओठाचं जाईल."

मी त्यांना सरळ सांगितलं की ओठाचं कापायचं नाही. त्याला चिकटलेली जी असेल ती राहू दे. साधीच तर आहे.

त्या रागावल्या नाहीत. ठेवलेली गाठ वाढणार, त्या म्हणाल्या. मग पाच वर्षांनी, आठ वर्षांनी तिसऱ्यांदा उघडावं लागेल. दर वेळी आत व्रण वाढतो आणि नस शोधणं कठीण होत जातं. शिवाय फार वर्षं राहिलेली गाठ क्वचित बिघडतेही.

"आज एक बोट जाईल. पुढच्या वेळी बहुतेक पंजा जाईल. डोळा मिटणार नाही, घास तोंडात राहणार नाही. मग शिकवणं लांबच राहिलं."

सोलापूरहून परतताना एसटीत दिगंबर वैरागपर्यंत काही बोलले नाहीत. ते सराफाकडे कारागीर होते. दिवसभर चिमट्यात मणी धरून बसायचं काम, त्यामुळे माणूस मुळातच कमी बोलणारा. मग म्हणाले, "डाख लावून जोडलेले दोन मणी सोडवायचे तर एकाला तरी झळ लागतेच. न लागता सोडवतो म्हणणारा कारागीर खोटं बोलतो. ही बाई खोटं बोलली नाही."

"तुमचं सोनं आहे. माझा ओठ आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच मी सही करत नाही. तूच कर."

मी तीन दिवसांनी सही केली. त्या तीन दिवसांत मी आरशासमोर बसून प, फ, ब, भ, म पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. हे पाच आवाज ओठ मिटल्याशिवाय होत नाहीत. पाणी, भाकरी, बाई, मामा, मुलाला लागणारे निम्मे शब्द त्यांतच असतात. एका बाजूचा ओठ बोटानं दाबून धरला आणि म्हटलं. आरशातली बाई काय म्हणते ते मला स्वतःलाच कळेना.

ऑपरेशन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झालं. सहा तास चाललं असं दिगंबरांनी नंतर सांगितलं. जाग आली तेव्हा मान घट्ट बांधलेली होती आणि डावा कान नव्हताच. म्हणजे होता, हाताला लागत होता, पण कानाला हात लागलेला कळत नव्हता. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आल्या आणि त्यांनी पुन्हा तेच सगळं करायला लावलं. आठ्या पडल्या. डोळे मिटले. दात दाखवले तेव्हा त्यांनी जरा जास्त वेळ पाहिलं. शीळ घालायला सांगितली, तर नुसती हवा गेली.

"पाच गाठी निघाल्या," त्या म्हणाल्या. "तीन सुट्या होत्या. दोन ओठाच्या फांदीला पूर्ण वेढून. तेवढा तुकडा काढला आणि कानामागच्या नसेचा तुकडा तिथे जोडला. वर्षभरात थोडं परत येईल. सगळं येणार नाही."

मी विचारलं की हे टळलं असतं का. मला खरं तर हे विचारायचं नव्हतं.

"दोन वर्षं आधी आला असतात तर बहुधा सुट्या मिळाल्या असत्या. पण तुम्हाला तेव्हा माहीतच नव्हतं. माहीत नसलेल्या गोष्टीला काय करणार?"

मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. दिगंबर वाटीत मऊ भात कालवून भरवत होते आणि तो डावीकडून परत बाहेर येत होता. ते रुमालानं पुसत होते. मी खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी मोजत होते. अकरा होत्या.

फेब्रुवारीत शाळेत गेले. मुलं दारात उभीच होती. मी "बसा, मुलांनो" म्हटलं आणि सातही मुलं माझ्या तोंडाकडे बघत तशीच उभी राहिली. मी पुन्हा म्हटलं. डावीकडची मुलं तर पार गोंधळली, कारण त्या बाजूचा ओठ हलतच नव्हता. शेवटी मी हातानं खुणावलं, जे आमच्या शाळेत चालत नसे. त्या आठवड्यात मुलांनी आपण होऊन बाकं उजवीकडे ओढली. अर्धवर्तुळाचं पाव वर्तुळ झालं. तरी 'भ' काही जमेना. मी 'भात' म्हणायची आणि मुलं 'हात' पुढे करायची.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिका निंबाळकर बाईंनी मला समजुतीनं सांगितलं की काही दिवस वाचापाठ दुसऱ्या बाई घेतील. मी ऑफिसात बसून मुलांचे वार्षिक अहवाल तयार करावेत. मला वाईट वाटलं पाहिजे होतं. मी फक्त विचारलं, कुठल्या टेबलाशी बसू.

आमच्याकडे प्रत्येक मुलाची नोंदवही असे. मूल पढवलेलं नव्हे, तर स्वतःहून काही बोललं की तारीख घालून ते जसंच्या तसं लिहायचं. ऐकणाऱ्या पोराचं 'आई, दूध' कुणी लिहून ठेवत नाही. आमच्याकडे ते लिहायला तीन वर्षं वाट पाहावी लागे. मी सातही वह्या घेतल्या आणि पहिल्यापासून वाचायला बसले. चौथी वही सगुणा वाघमोडेची होती.

सगुणा वैरागकडच्या एका मेंढपाळाची मुलगी, वसतिगृहात राहायची. आली तेव्हा सहा वर्षांची होती, एक शब्द येत नव्हता. पण हाताची भारी तल्लख. दुसऱ्या मुलांना महिना लागायचा ते हिला गालावर हात ठेवल्यावर आठवड्यात यायचं. तिच्या वहीत माझं अक्षर तिसऱ्या पानापासून मोठं होत गेलं होतं. मी किती खूश होते ते त्या अक्षरावरून कळत होतं.

आठव्या पानावर ही नोंद होती. तारीख एकोणीस ऑगस्ट, साल शहाण्णव. म्हणजे दुसऱ्या ऑपरेशनच्या सव्वादोन वर्षं आधीची.

'आज वाचापाठाच्या वेळी सगुणा स्वतःहून म्हणाली, बाई, तुमच्या गालात हरभरे आहेत. पूर्ण वाक्य. भ स्पष्ट. कल्पनाशक्ती छान. शाबास.'

खाली लाल शाईचा तारा होता.

मी ती नोंद वाचली आणि मला तो सगळा दिवस आठवला, जसाच्या तसा. आम्ही आरशासमोर बसलो होतो. 'भ'चा पाठ चालू होता. सगुणाचा हात माझ्या गालावर होता आणि तिनं पाठ थांबवून बोटं कानाच्या पाळीखाली नेली. मग मागे, पुढे. आरशातून माझ्याकडे बघत ती म्हणाली, "हरभरे."

मी काय केलं? मी तिला विचारलं नाही की कुठे, किती. मी तिची हनुवटी धरून माझ्या तोंडाकडे वळवली आणि म्हटलं, "पूर्ण वाक्यात सांग."

तिनं शब्द शोधले. दोनदा चुकली. मी दोनदा दुरुस्त केलं, 'तुमच्या' हा शब्द मीच पुरवला. तिसऱ्यांदा तिनं वाक्य पूर्ण म्हटलं आणि मी टाळ्या वाजवल्या. तोंड उघडून दाखवलं, बघ, बाई वर्गात खातात का काही? ती हसली नाही. तिनं पुन्हा गालावर बोट ठेवलं आणि पुन्हा तेच वाक्य म्हटलं, या वेळी 'भ' आणखी चांगला. मी धावत जाऊन निंबाळकर बाईंना बोलावलं. त्यांच्यासमोरही तिनं ते म्हटलं. निंबाळकर बाईंचे डोळे भरून आले. आम्ही दोघी शिकलेल्या बायका, दोघींची मिळून चाळीस वर्षांची नोकरी, आणि दोघी त्या पोरीचं वाक्य बघत होतो.

शनिवारी तिची आई भेटायला आली तेव्हा मी सगुणाला तेच म्हणायला लावलं. आईनं आयुष्यात पहिल्यांदा लेकीचं एवढं बोलणं ऐकलं होतं. तिनं पदर तोंडाला लावला.

"काय म्हनली वो बाई?"

"माझ्या गालात हरभरे आहेत म्हणते," मी हसत सांगितलं.

ती बाई माझ्या गालाकडे बघत राहिली. दिवसभर मेंढरांच्या अंगावरून हात फिरवून दुखणं ओळखणारी बाई ती.

"पोरगी उगं न्हाई म्हनायची," ती म्हणाली. "हाय का वो काय तितं? बगा जरा हात लावून."

मी तेव्हाही हसले. ही सुधारणा किती मोठी आहे ते तिला समजावून सांगितलं.

ऑफिसात मी वही मिटली. शिपाई चहा ठेवून गेला, तो गार झाला. मला लाज वाटली. ऑपरेशननंतर अडीच महिन्यांत मला पहिल्यांदाच काहीतरी वाटलं होतं, आणि ती लाज होती. डॉक्टर सातपुत्यांनी माझा शब्द ठेवला आणि गाठ फुटली, त्यात त्यांचा दोष मी कधी धरला नव्हता. पण दुसऱ्या वेळी मला वेळेवर सांगितलं गेलं होतं. शुद्ध मराठीत, चार वेळा, साक्षीदारांसमोर. आणि सांगणाऱ्याला मी तारा दिला होता.

दिगंबरांना मी ती नोंद दाखवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. ते माझी समजूत घालतील असं मला वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "अक्षर चांगलं आलंय तुझं," आणि वही माझ्या हातात परत दिली. मग उठून बाहेर गेले आणि बराच वेळ ओट्यावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सगुणाला बोलावलं. आरशासमोर बसवलं, तिचा हात उचलून माझ्या डाव्या गालावर ठेवला. ती नऊ वर्षांची झाली होती. ऑपरेशनची लांब चीर बघून ती जरा कचरली, मग तिनं बोटं फिरवली. मला ती बोटं जाणवली नाहीत. आरशात दिसली.

"हरभरे नाहीत," ती म्हणाली. मग जरा थांबून, "बाईंनी खाल्ले?"

मी नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी काढले, असं फळ्यावर लिहिलं. तिनं ते वाचलं आणि समाधानानं मान डोलावली. तिचा प्रश्न दोन वर्षं तसाच पडून होता, त्याचं उत्तर तिला मिळालं.

पुढच्या वर्षात ओठ थोडा हलायला लागला. वाचापाठ मी पुन्हा घ्यायला लागले, पण माझ्या जोडीला हात आले. वर्गात खुणा चालतील असं मी निंबाळकर बाईंना सांगितलं, विचारलं नाही. जेवताना, लोणचं नुसतं दिसलं तरी, डाव्या गालावर घाम येतो. कापल्या गेलेल्या नसा आपल्या मनानं कुठेतरी वाट काढतात असं डॉक्टर म्हणाल्या. मुलांना त्याची फार गंमत वाटे. सगुणा दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी माझ्याकडे यायची, न सांगता. आरशासमोर बसायची, डोळे मिटायची, गाल चाचपायची आणि "नाही" म्हणून खेळायला पळायची. सोलापूरला मी वर्षातून एकदा दाखवून येई. तिथेही काही नाही म्हणत.

चौथ्या वर्षी, मार्चमधला सोमवार होता. सगुणा सातवीत होती, उंचीनं माझ्या खांद्याला आलेली. तिनं डोळे मिटले. आरशात मी तिची बोटं बघत होते. ती जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली, पुढे सरकली आणि परत आली. तिथेच थांबली. तिनं डोळे उघडले आणि आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"एक," ती म्हणाली.

मी पूर्ण वाक्य मागितलं नाही. हजेरीपट निंबाळकर बाईंच्या टेबलावर ठेवला, पर्स घेतली आणि स्टँडवर जाऊन मिळेल त्या सोलापूर गाडीत बसले.

डॉक्टर मुळगुंदांना ती सापडायला वेळ लागला. दोनदा त्यांनी नाही म्हटलं. मी त्यांचं बोट धरून जागा दाखवली, आरशात पाहिलेली. मग त्या थांबल्या.

"मसुरीएवढी आहे," त्या म्हणाल्या. "आणि सुटी आहे. वरच्यावर निघेल, नसेला हात लावावा लागणार नाही." मग त्यांनी स्वतःच कागद पुढे ओढला. "कधी लक्षात आली?"

"आज. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी."

"तुमच्या?"

"नाही. लिहून घ्या," मी म्हटलं. "सगुणा वाघमोडे. इयत्ता सातवी."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तसं लिहून घेतलं.